तेरा वर्षांचे कुलगुरू आणि बेळगावची मराठी मुलं

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लोखंडी ट्रंकेत अगदी तळाशी, जुन्या पंच्यात गुंडाळलेली पुठ्ठ्याची एक नळी आहे. तिच्यात त्यांचं बी.ए.चं प्रमाणपत्र. साल १९६१, कर्नाटक विद्यापीठ, धारवाड. कागद कडांना पिवळा पडलाय, डांबरगोळ्यांचा वास त्याच्या अंगात मुरलाय, आणि खाली कुलगुरूंची सही. शाई आता तपकिरी झालीय, तरी अक्षर लागतं: डी. सी. पावटे.

मागच्या दिवाळीत ट्रंक आवरताना आप्पांनी त्या सहीवर बोट ठेवलं. "हे पावटेसाहेब. आमच्या वेळी सगळ्यांच्या सर्टिफिकेटवर हीच सही. आमच्या आधी पास झाले त्यांच्यावर, आमच्या मागनं झाले त्यांच्यावरबी."

"एकच माणूस?"

"एकच की. आम्ही मॅट्रिक व्हायच्या आधीपासनं होते, मी नोकरीत कायम झालो तरी तेच होते."

आप्पांची आठवण बरोबर होती. डॉ. दादाप्पा चिंतप्पा पावटे १९५४ मध्ये कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ पर्यंत राहिले. आज कर्नाटकात सरकारी विद्यापीठाच्या कुलगुरूला चार वर्षं मिळतात, महाराष्ट्रात पाच. तेरा वर्षं म्हणजे आजचे तीन कुलगुरू येऊन गेले असते.

मी बेळगावात शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. व्यवस्थापनाच्या तासाला प्रकरण अभ्यास, म्हणजे केस स्टडी, घ्यावा लागतो. पुस्तकातली प्रकरणं कुठल्या तरी लांबच्या कारखान्याची असतात. मुलं ती लिहून घेतात आणि विसरतात. म्हणून गेल्या वर्षी मी हेच प्रकरण वर्गात नेलं. एका माणसाच्या हाती विद्यापीठ तेरा वर्षं राहिलं, त्यातून काय उभं राहिलं, आणि त्या विद्यापीठाच्या कडेला असलेल्या आपल्या जिल्ह्याला त्यातलं किती मिळालं? वर्गात खानापूर, निपाणी, येळ्ळूर इथली मराठी मुलं होती, गोकाक आणि बैलहोंगलची कन्नडही होती. त्यामुळे चर्चा एका बाजूला कलली नाही. पुढे लिहितो ते त्या तीन-चार तासांतून आणि नंतर आप्पांशी झालेल्या बोलण्यातून जमलेलं आहे.

खुर्चीवर येण्याआधी

पावटे आपल्याच जिल्ह्यातले. गोकाक तालुक्यातल्या ममदापुरात २ ऑगस्ट १८९९ ला त्यांचा जन्म झाला. गोकाक म्हटलं की आपल्याला घटप्रभेचा धबधबा आठवतो, सूतगिरणी आठवते, करदंट आठवतो. त्या काळच्या खेड्यातून निघून हा मुलगा केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात गणित शिकला आणि रँग्लर झाला.

रँग्लर हा शब्द मराठी घरांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रँग्लर परांजप्यांचं नाव आजोबांच्या पिढीनं मुलांना अभ्यासाला बसवताना घेतलंय. गंमत अशी की र. पु. परांजपे केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, झाले ते साल १८९९ होतं, म्हणजे ज्या वर्षी ममदापुरात पावट्यांचा जन्म झाला तेच. पावट्यांच्या वेळेपर्यंत केंब्रिजनं पहिला-दुसरा असे क्रमांक जाहीर करणं थांबवलं होतं, पण त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यावर बसणारी रँग्लर ही मोहर तशीच होती. परांजपे पुढे लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले, रँग्लर ग. स. महाजनी दिल्ली विद्यापीठाचे झाले, पावटे धारवाडला आले. त्या काळी विद्यापीठ सांभाळायला माणूस शोधायचा तर गणितातला मोठा माणूस शोधत असावेत, असं वर्गातल्या एका मुलानं म्हटलं. मला ते अर्धंच पटतं. पावट्यांच्या बाबतीत गणितापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती.

ती म्हणजे धारवाडला येण्याआधी ते मुंबई राज्याचे शिक्षण संचालक होते. त्या वेळचं मुंबई राज्य म्हणजे गुजरातीही, मराठीही, कन्नडही. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर शाळा वाढत होत्या, शिक्षक कमी पडत होते, जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा मंडळं होती, आणि प्रत्येक भाषेच्या शाळांचं गाऱ्हाणं वेगळं होतं. हे सगळं ज्याच्या टेबलावरून गेलं, त्याला सचिवालयातली फाइल कुठे अडते, कोण पुढे ढकलतं, अर्थखात्याला कोणत्या शब्दात पटतं, हे पाठ असतं. प्राध्यापक म्हणून थेट कुलगुरू झालेल्या माणसाला ही शिकवणी खुर्चीवर बसून घ्यावी लागते. पावटे ती घेऊन आले होते.

ज्या विद्यापीठावर ते आले

कर्नाटक विद्यापीठ मुंबई विधिमंडळाच्या १९४९ च्या कायद्यानं स्थापन झालं. सुरुवातीचं कार्यालय मुंबईतच होतं. १९५० मध्ये ते धारवाडला हललं. बेळगाव, विजापूर, धारवाड आणि उत्तर कन्नड या मुंबई राज्यातल्या कन्नड जिल्ह्यांसाठी ते होतं. तोवर आपल्याकडची कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. बेळगावचं १९३३ चं लिंगराज कॉलेज घ्या किंवा राणी पार्वतीदेवी कॉलेज, दोन्हींचं तोंड मुंबईकडून धारवाडकडे वळलं ते या कायद्यानंतर.

इथे नावाबद्दल एक सांगायला हवं. आपल्या राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. विद्यापीठाचं नाव कर्नाटक झालं ते त्याच्या चोवीस वर्षं आधी. म्हणजे विद्यापीठाच्या नावातच कन्नड एकीकरणाचं स्वप्न होतं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना त्याचा अभिमान वाटणं साहजिक होतं. आणि बेळगावातल्या मराठी घराला तेच नाव वाचून पोटात गोळा येणं, हेही तितकंच साहजिक होतं. आप्पा म्हणतात, "कॉलेजच्या बोर्डाखाली विद्यापीठाचं नाव लिहिलेलं असायचं. आम्ही वरचं वाचायचो, खालचं वाचत नव्हतो." या एका वाक्यात त्या पिढीचं सगळं आलं असं मला वाटतं.

१९५६

प्रकरणाचा खरा पेच इथे आहे, आणि वर्गात मी इथेच सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

पावट्यांना कुलगुरू होऊन दोन वर्षं होत होती. जानेवारी १९५६ मध्ये भाषावार राज्यं कशी आखणार हे जाहीर झालं आणि बेळगाव पेटलं. १७ जानेवारीला गोळीबार झाला. त्या दिवशी दरवर्षी आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. जिल्ह्यातली मराठी माणसं तो दिवस आजही काळा दिन म्हणून पाळतात.

आता हीच घटना विद्यापीठाच्या कार्यालयातून पाहा. कायदा मुंबईचा, विद्यापीठ मैसूर राज्यात. काल कुलपती मुंबईचे राज्यपाल, आज मैसूरचे राज्यपाल म्हणून जयचामराजेंद्र वाडियार. अनुदानाच्या फाइली मुंबईच्या सचिवालयात, आता मागणी करायची बेंगळुरात, चारशेहून जास्त किलोमीटरवर, जिथले अधिकारी धारवाडला ओळखतही नाहीत. तिथे मैसूर विद्यापीठ १९१६ पासून आहे आणि राज्याचा जीव त्याच्यात आहे. शिवाय हैदराबाद राज्यातून आलेले गुलबर्गा, बीदर, रायचूर हे जिल्हेही पुढे धारवाडच्या कक्षेत आले. त्यांची शिक्षणाची घडी निजामाच्या राज्यातली, उर्दूच्या सावलीतली.

अशा वेळी कुलगुरू बदलला असता तर? मी मुलांना लिहायला सांगितलं: तुम्ही नवे कुलगुरू आहात, १९५७ साल आहे, पहिले सहा महिने काय कराल? बहुतेकांनी लिहिलं, ओळखी करून घेऊ. अगदी खरं. सहा महिने, कदाचित वर्ष त्यातच गेलं असतं. पावट्यांना निदान विद्यापीठ नव्यानं ओळखायचं नव्हतं. फक्त राजधानी नवी होती.

त्यानंतर मुख्यमंत्री किती बदलले ते पाहा. १९५४ मध्ये मुंबईत मोरारजी देसाई होते. १९५६ नंतर मैसूरमध्ये निजलिंगप्पा, १९५८ मध्ये बी. डी. जत्ती, १९६२ मध्ये थोडे महिने एस. आर. कंठी, मग पुन्हा निजलिंगप्पा. कुलपती म्हणून वाडियारांनंतर १९६४ मध्ये श्रीनागेश आले, पुढच्या वर्षी व्ही. व्ही. गिरी. मुदती संपत गेल्या, पुन्हा नेमणूक होत गेली, वरची सगळी माणसं बदलली, कुलगुरू तेच. हे केवळ नशिबानं होत नाही. जो सगळ्यांना चालतो त्याच्याकडे एकतर सगळ्यांना सांभाळून घेण्याची कला असते, नाहीतर त्याच्याशिवाय काम अडेल अशी स्थिती असते. पावट्यांच्या बाबतीत दोन्ही असावं, असा माझा अंदाज आहे.

जत्तींचा उल्लेख आला म्हणून जाता जाता एक सांगतो. जमखंडीजवळच्या सावळगीचे जत्ती शिकले कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात आणि नंतर तिथल्याच साइक्स लॉ कॉलेजात. कन्नड घरातला मुलगा शिकायला कोल्हापूरला जायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, असा हा सगळा टापू होता. रेघ नंतर आली.

तेरा वर्षांत काय करता येतं, जे चारमध्ये येत नाही

विद्यापीठ उभं करण्याचं काम किती संथ असतं हे बाहेरून कळत नाही, म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. पहिली पाच वर्षं चिंतामणराव देशमुख अध्यक्ष होते, नंतर दौलतसिंग कोठारी. आयोगाचं विकास अनुदान पंचवार्षिक योजनेच्या चालीनं चाले. समजा एक नवा पदव्युत्तर विभाग काढायचा आहे. आधी अभ्यासमंडळ, विद्वत्सभा, सिंडिकेट, सिनेट या पायऱ्या. मग आयोगाकडे प्रस्ताव. तिथून समिती येणार, पाहणार, काही कापणार. मंजुरी आली तरी आयोग सगळा खर्च देत नाही, काही हिस्सा राज्यानं घालायचा. नव्या प्राध्यापकांच्या पगाराचा भार योजना संपेपर्यंत आयोग उचलतो, पुढे तो कायमचा राज्याच्या माथी. त्यामुळे राज्याचं अर्थखातं आधी लेखी हमी देणार, तर गाडी पुढे. मग इमारत, जाहिरात, निवड समिती, प्रयोगशाळेचं सामान, ग्रंथालयाची मागणी. पहिली तुकडी एम.ए. किंवा एम.एस्सी. होऊन बाहेर पडेपर्यंत प्रस्ताव लिहिल्याला पाच-सहा वर्षं झालेली असतात.

चार वर्षांचा कुलगुरू यात कुठे बसतो? तो एकतर दुसऱ्याच्या प्रस्तावाचं उद्घाटन करतो, नाहीतर स्वतःचा प्रस्ताव दुसऱ्याच्या हाती सोपवून जातो. आणि पुढच्याला त्यात रस असेलच असं नाही. पावट्यांना दुसरी योजना संपूर्ण मिळाली, तिसरीही मिळाली. एकदा लावलेलं झाड त्यांनीच वाढताना पाहिलं. धारवाडच्या टेकडीवरच्या त्या आवाराला आज पावटेनगर म्हणतात. टपालाच्या पत्त्यातच ते नाव आहे. एखाद्या कुलगुरूचं नाव पुतळ्यापेक्षा पत्त्यात राहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

त्या टेकडीवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कॉलेजात होतो, आप्पांबरोबर. स्टेशनवरून रिक्षानं वर जाताना आप्पा मध्येच म्हणाले, "इथं काही नव्हतं. मी आलो तेव्हा नुसतं गवत आणि बांधकामाचे दगड." मग थोडं पुढे गेल्यावर झाडांकडे बघत म्हणाले, "केवढी झाली बघ." बाकी ते दिवसभर फार बोलले नाहीत.

बेळगावच्या बाजूनं

आप्पा १९६१ मध्ये धारवाडला का गेले होते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांचं गाव खानापूर तालुक्यात. शाळा मराठी, कॉलेज बेळगावात, विषय मराठी. बी.ए.चा निकाल लागल्यावर त्यांच्या प्राध्यापकांनी सांगितलं, एम.ए. कर. एम.ए. करायचं तर धारवाडला राहायला पाहिजे. मीटर गेजच्या गाडीनं खानापूरहून लोंढा, लोंढ्याहून अळणावर, धारवाड. सकाळी निघाले, चौकशी केली, माणसं नीट बोलली, माहिती सगळी मिळाली. वसतिगृह आणि खानावळ मिळून महिन्याचा हिशोब त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडला. घरी शेतात धाकटा भाऊ आणि आजी. हिशोब काही केल्या जुळला नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत आले आणि पुढच्या महिन्यात हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. भाषेनं अडवलं नव्हतं. अंतरानं अडवलं होतं.

हा भाग वर्गात वाचून दाखवल्यावर खूप वेळ कुणी बोललं नाही. मग येळ्ळूरचा एक मुलगा म्हणाला, "सर, विद्यापीठानं बेळगावात एक शाखा काढायची होती की. तेरा वर्षं होती त्यांच्याकडं."

याचं उत्तर सोपं नाही, आणि मला वाटतं प्रकरणाचं मर्म इथेच आहे. एखाद्या दुबळ्या, नव्या विद्यापीठाला पैसा थोडा आणि माणसं थोडी मिळत असतील, तर शहाणा कुलगुरू ती एका जागी ओततो. एक चांगलं ग्रंथालय, एक चांगली प्रयोगशाळा. पावट्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण एकदा पहिली इमारत धारवाडला झाली की दुसरी तिथेच व्हायला हवी, कारण ग्रंथालय तिथे. तिसरी तिथेच, कारण वसतिगृह तिथे. दर वर्षी धारवाडची बाजू आणखी बळकट होत जाते आणि बेळगावची मागणी दर वर्षी आणखी खर्चिक दिसते. कुणी दुष्टपणानं हे करत नाही. लांबलेल्या कारकिर्दीत पहिला निर्णय कुणी पुन्हा उघडून पाहत नाही, कारण तो घेणारा माणूस अजून खुर्चीवर असतो आणि त्याचं काम डोळ्यांसमोर उभं असतं. सहा वर्षांनी दुसरा कुणी आला असता तर त्यानं कदाचित विचारलं असतं, बेळगावचं काय? कदाचित नसतंही विचारलं.

नोंद न्यायाची हवी म्हणून सांगतो: याच काळात, १९६३ मध्ये, बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज निघालं ते याच विद्यापीठाशी संलग्न म्हणून. म्हणजे बेळगावकडे पाठ फिरवली होती असं म्हणता येत नाही. पण संस्थेनं पैसा उभा करायचा आणि विद्यापीठानं परीक्षा घ्यायची, हा एक प्रकार. विद्यापीठानं स्वतः येऊन बसायचं, हा दुसरा. पहिला झाला, दुसरा झाला नाही.

निपाणीची एक मुलगी होती, तिचा आक्षेप वेगळा होता. "तेरा वर्षं एकच माणूस म्हणजे सगळ्या कमिट्यांवर त्याचीच माणसं. विरोध कोण करणार?" खानापूरच्या मुलानं लगेच उत्तर दिलं, "आणि चार वर्षांत फाइल कळेस्तोवर माणूस जातो की. मग विरोध तरी कुणाला करायचा?" गोकाकची मुलगी, जिच्या घरी कन्नड, ती शांतपणे म्हणाली की तिच्याकडे पावट्यांचं नाव खेड्यातला मुलगा किती लांब जाऊ शकतो याचं उदाहरण म्हणून घेतात, आणि इथे त्याच माणसाबद्दल अंतराची तक्रार ऐकून तिला पहिल्यांदा कळलं की गोकाकही धारवाडपासून तितकंच लांब आहे. तिच्या या बोलण्यानंतर वर्गातली मराठी-कन्नड अशी फळी उरली नाही. प्रश्न जिल्ह्याच्या कडेचा झाला.

कोल्हापूरची वाट

१८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. इतिहासाचे अभ्यासक, ताराबाईंच्या काळातल्या कागदपत्रांचे संपादक. तेही १९७५ पर्यंत राहिले. म्हणजे बेळगावच्या दक्षिणेला पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर एक माणूस तेरा वर्षं टेकडीवर विद्यापीठ बांधत होता, आणि उत्तरेला एकशे दहा किलोमीटरवर दुसरा माणूस तितकीच वर्षं सागरमाळावर विद्यापीठ बांधत होता. दोघंही लांबच्या पल्ल्याचे, दोघांनीही ओसाड जागेवर काम काढलं, दोघांनीही जे होतं ते एका जागी ओतलं. बेळगाव या दोघांच्या मधोमध.

माझे काका, तेच शेतावर राहिलेले धाकटे भाऊ, पुढे आप्पांच्या पगारावर शिकले आणि १९६८ मध्ये एम.ए.ला कोल्हापूरला गेले. आप्पांची ट्रंक उघडली तेव्हा त्या नळीत काकांचेही दोन कागद निघाले. एक धारवाडचं मायग्रेशन सर्टिफिकेट, दुसरं कोल्हापूरचं पात्रता प्रमाणपत्र. एका विद्यापीठाच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जाताना दोन्ही लागत. आजही सीमाभागातली मुलं हे कागद काढतात. कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे तिथल्या मुलांना महाराष्ट्र सरकार प्रवेशासाठी आपलं मानतं, तरी कागद लागतातच. काकांना मात्र त्याचं काही वाटत नसे. कोल्हापुरात त्यांची आत्या राहायची, जेवणाचा खर्च नव्हता. हिशोब जुळला.

पंजाब

१९६७ मध्ये पावट्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते पंजाबचे राज्यपाल होऊन गेले. १९७३ पर्यंत तिथे होते. हा भाग विद्यापीठाच्या प्रकरणाबाहेरचा आहे, तरी सीमाभागातल्या माणसाला तो वाचताना थांबावंसं वाटेल. पंजाबची भाषेवरून वाटणी झाली ती १ नोव्हेंबर १९६६ ला, आपल्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला. चंदीगड कुणाचं हा वाद तिथे पेटलेला. ऑक्टोबर १९६९ मध्ये दर्शनसिंग फेरूमान यांनी चंदीगड पंजाबला मिळावं म्हणून उपोषणात प्राण सोडले. एका भाषिक सीमेवरून उठून हा माणूस दुसऱ्या भाषिक सीमेवर जाऊन बसला होता. शिवाय १९६८ च्या मार्चमध्ये विधानसभेच्या अध्यक्षांनी सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केलं आणि राज्याचं अंदाजपत्रक अडकलं. तेव्हा राज्यपालांनी सत्र संपवून नव्यानं बोलावलं, वटहुकूम काढला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे राज्यपालांची कृती वैध ठरली. फाइल अडली तर वाट कशी काढायची, हे मुंबईच्या सचिवालयात आणि धारवाडच्या टेकडीवर शिकलेलं तिथे कामी आलं असणार.

राज्यपाल म्हणून ते तिथल्या विद्यापीठांचे कुलपतीही होते. अमृतसरचं गुरू नानक विद्यापीठ १९६९ मध्ये त्यांच्याच काळात निघालं. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. १९७९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आज कर्नाटकातल्या अभ्यासकांना केंब्रिजच्या त्यांच्याच कॉलेजात पाठवते.

नंतर

धारवाडनं आपल्या कक्षेतल्या इतर जिल्ह्यांत स्वतः जाऊन बसायला सुरुवात केली ती पावट्यांनी धारवाड सोडल्यानंतर. गुलबर्ग्याला १९७० मध्ये पदव्युत्तर केंद्र निघालं आणि १९८० मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. बेळगावला केंद्र मिळालं १९८२ मध्ये, पुढे ते महामार्गावर भुतरामनहट्टीला हललं. १९९८ मध्ये अभियांत्रिकीचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ बेळगावात आलं. आणि २०१० मध्ये त्या पदव्युत्तर केंद्राचं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. आप्पांनी हिशोब मांडला त्याला तोवर एकोणपन्नास वर्षं झाली होती. त्या विद्यापीठात मराठीचाही विभाग आहे.

या वर्षी येळ्ळूरच्या एका विद्यार्थिनीनं तिथे एम.ए. मराठीला प्रवेश घेतला. आमच्याकडे येऊन पेढे देऊन गेली. आप्पा ओसरीवर बसले होते. मी सांगितलं, ही मराठीत एम.ए. करतेय.

"राहायचं कुठं?" आप्पांनी विचारलं.

"राहायचं कुठं नाही आजोबा. सकाळी बसनं जाते, संध्याकाळी घरी."

"रोज?"

"रोज की."

आप्पांनी तिला बसची वेळ विचारली. पास किती रुपयांचा, स्टँडवर बदलायची की थेट, दुपारचा डबा कुठे खाता, सगळं विचारलं. ती गेल्यावर थोड्या वेळानं त्यांनी मला पुन्हा बसची वेळ विचारली.